सुखदेवची दाढी

संपादकांचा फोन आला तेव्हा मी गुडघ्यांना शेक देत बसलो होतो. ते म्हणाले, "मनोहरराव, तुम्ही आयुष्यभर इतक्या नामवंतांच्या चेहऱ्याला हात लावला. त्यांच्या आठवणी लिहा." मी हो म्हटलं आणि मग विचारात पडलो. नामवंतांच्या आठवणी माझ्याकडे फारशा नाहीत. नामवंत माणूस आरशासमोर बसला की मान मागे टाकतो, डोळे मिटतो आणि झोपी जातो. उठला की आरशात बघतो, 'छान' म्हणतो आणि निघून जातो. त्याच्या नाकाची घडण मला पाठ होते, पण माणूस काही कळत नाही. म्हणून नामवंतांना बाजूला ठेवतो आणि एका टेम्पोवाल्याबद्दल लिहितो.

मी अमरावतीचा. नाटकवाले मला रंगभूषाकार म्हणतात, बाकी सगळे मेकअपवाला. शाळांची गॅदरिंग, नाट्यस्पर्धा, जयंतीच्या मिरवणुकीतले देखावे, लग्नाच्या नवऱ्या आणि अलीकडे कधीमधी वऱ्हाडात उतरणारे सिनेमावाले, ही माझी गिऱ्हाइकं. दोनदा काम सोडलं, दोनदा पुन्हा धरलं. आता हात थरथरतो. भुवईची रेघ एका दमात ओढता येत नाही. दाढी-मिशा चिकटवायचा स्पिरिट गम लावून लावून बोटांची कातडी अशी झाली आहे की मोबाइलसुद्धा माझं बोट ओळखत नाही.

बाहेरच्यांना वाटतं मेकअप म्हणजे गोरं करणं. लग्नाच्या बाबतीत ते खरंच आहे, आणि त्याचाच मला सगळ्यात जास्त कंटाळा आला. चांगली सावळी, तरतरीत मुलगी समोर बसते आणि मागून तिची आई म्हणते, "दादा, जरा उजळ करा." मुलगी आरशातून माझ्याकडे बघत राहते. करतो मी उजळ. काय करणार? नाटकाचं तसं नसतं. नाटकात शेवटच्या रांगेतल्या माणसाला डोळे दिसावेत म्हणून चेहरा रंगवायचा. आणि सिनेमात कॅमेरा इतका जवळ येतो की चेहरा रंगवलेलाच नाही, असं वाटेल इतका रंगवायचा. यात सगळ्यात अवघड म्हणजे जखमा. ताजी जखम लाल, जुनी निळी-जांभळी, बरी होत आलेली कडेने पिवळी.

या जखमांपायी चांदूर रेल्वेचे एक गृहस्थ एकदा घरी आले होते. साळ्याच्या लग्नाला जायचं नव्हतं. म्हणाले, "असं करून द्या का कोनी मारल्यावानी दिसलं पायजे." मी डोळ्याखाली एक झकास जखम करून दिली. गृहस्थ खुशीत गाडीने गेले. घरी बायकोने हंबरडा फोडला, माहेरी फोन केला, आणि नवरदेवासकट तिचे सगळे भाऊ लग्न बाजूला ठेवून जीप करून आले. 'कोनी मारलं, नाव सांगा' म्हणून बसले. गृहस्थांनी घाबरून शेजाऱ्याचं नाव सांगितलं. त्यानंतर शेजाऱ्याला जी जखम झाली, ती मी केलेली नव्हती. तेव्हापासून घरगुती कामासाठी जखमा करणं मी बंद केलं.

असो. टेम्पोवाल्याकडे येतो.

काही वर्षांपूर्वी निशांत नावाचा एक तरुण दिग्दर्शक मुंबईहून अकोल्यात सिनेमा करायला आला. त्याचा मुख्य मेकअपमन मुंबईचाच होता, पण अकोल्याच्या उन्हात तो पहिल्याच आठवड्यात आजारी पडून परत गेला आणि मला बोलावणं आलं. निशांत बोलायला गोड मुलगा. मला 'मनोहरकाका' म्हणायचा. त्याने मला गोष्ट ऐकवली. विनोदी होती, पण तिच्यात मरणही होतं.

सुपारी घेऊन माणसं मारणारा एक जण मुंबईहून अकोल्याला येतो. ज्याला मारायचं तो एक म्हातारा हार्मोनियम शिकवणारा मास्तर. ऐन मे महिन्यात, भर दुपारी पत्ता शोधत फिरताना मारेकऱ्याला ऊन लागतं आणि तो नेमका मास्तरच्याच फाटकात चक्कर येऊन पडतो. मास्तर त्याला घरात घेतो, तळपायाला कांदा चोळतो, कैरीचं पन्हं पाजतो. मग दोघांची मैत्री होते. मारेकरी रोज ठरवतो, आज उरकायचं. आणि रोज काहीतरी निघतं. कधी मास्तरचा कूलर बंद पडतो, कधी पेटीचा भाता फाटतो, आणि हा दुरुस्त करत बसतो. शेवटी मास्तर आपल्या मरणाने मरतो आणि मारेकरी त्याच्या तिरडीला खांदा देतो. स्मशानात सुपारी देणारा येऊन त्याची पाठ थोपटतो, 'काम सफाईनं केलंस' म्हणून.

मला गोष्ट आवडली. काम मात्र जीव काढणारं होतं. सकाळी लावलेला रंग तासाभरात गळ्यात उतरायचा. मी ओल्या फडक्यात बर्फ बांधून नटांच्या मानेला लावत फिरायचो. दुपारी उजेड फार कडक म्हणून शूटिंग थांबायचं आणि सगळे पंख्याखाली पडायचे. मी माझं टेबल शूटिंग चालायचं त्या बंगल्यामागच्या कडुनिंबाखाली मांडलं होतं. तिथेच सुखदेव येऊन बसायचा.

सुखदेवचा टेम्पो सिनेमाच्या सामानासाठी लावलेला होता. माझ्या पेट्या, पाण्याचे जार, खुर्च्या, सगळं त्यातून यायचं. पाणी वाटायचं कामही त्याच्याकडेच दिलं होतं. माणूस साठीच्या आसपासचा, उंच, एका पायाने किंचित ओढत चालणारा. दाढी रोज घोटून केलेली. बोलणं कमी. डबा उघडायचा, भाकरीवर ठेचा घालून अर्धी मला द्यायचा आणि माझ्या पेटीतल्या वस्तू बघत बसायचा. हे कशाचं, ते कशाचं, असं विचारायचा. साखरेच्या पाकात लाल रंग घालून मी रक्त करतो हे सांगितलं तेव्हा त्याने बोट बुडवून चाटून बघितलं आणि "गोड आहे," म्हणाला.

एक दिवस त्याने विचारलं, "मनोहरभाऊ, या पिच्चरची ष्टोरी काय आहे?"

मी सांगितली. कूलरच्या जागी तो मनापासून हसला. पेटीचा भाता चिकटवतानाचं ऐकून तर पोट धरलं.

"मंग? शेवटी मारते का नाई?"

"नाही मारत."

"कावून?"

"अरे, दोस्ती झाली ना त्यांची. ज्याच्या घरचं खाल्लं त्याला कसा मारेल?"

सुखदेवने हातातला घास डब्यात परत ठेवला. "हो का," एवढंच म्हणाला आणि टेम्पोकडे गेला. मला वाटलं, पोट बिघडलं असेल.

दोन-तीन दिवस तो कडुनिंबाखाली आला नाही. मग आला. डबा उघडला नाही. माझ्या समोरच्या खुर्चीवर, नट बसतात तिथे बसला. आरशात स्वतःकडे बघत म्हणाला, "भाऊ, दोस्ती झाल्यावरही मारते मानूस."

मी हसलो. तो हसला नाही.

"मी मारला," तो म्हणाला.

मग त्याने सगळं सांगितलं, आणि ते मी इथे थोडक्यात लिहितो, कारण त्याने जे सांगितलं त्यात भर घालायचा मला हक्क नाही. जवानीत तो ट्रकवर होता. ओळखीच्या एकाने त्याला काम दिलं. भातकुलीकडच्या एका गावात वामनराव नावाचा पिठाची चक्की चालवणारा माणूस होता. जमिनीच्या वादात तो कोणाच्या तरी विरोधात साक्ष देणार होता. त्याला उडवायचं.

"पहिले त्याले पाहून ठेव, येनं-जानं समजून घे, असं सांगतलं होतं. म्हनून मी ज्वारीचं पोतं घेऊन चक्कीवर गेलो. मानूस लय बोलका. तेवढ्यात पट्टा तुटला. मी जोडून देल्ला. म्हने, आता जेवल्याबिगर जाऊ नको. घरी नेलं. बायकोनं भाकर वाढली, पोरीनं पानी आनून देल्लं. मंग मी जातच राहिलो. जात होतो कामासाठीच, पन भाऊ, जावंसं बी वाटे. त्या घरात लय हसत."

"आणि तरी?"

"काम घेतलं होतं ना." तो आरशाकडेच बघत होता. "नाई म्हनता येते, हे माह्या डोक्यातच आलं नाई. आता तुमी म्हनसान, इतकी साधी गोष्ट कशी आली नाई. नाई आली."

पकडला गेला, जन्मठेप झाली, भोगून बाहेर आला. ज्याने काम दिलं तो खटला चालू असतानाच मेला. बायको कधीच दुसऱ्या घरी गेली होती. मूलबाळ नव्हतं. टेम्पो घेतला आणि अकोल्यात राहिला, कारण अकोल्यात त्याला कोणी ओळखत नव्हतं.

माझी बायको म्हणते, त्याच दिवशी तुम्ही त्याच्याशी बोलणं बंद करायला पाहिजे होतं. बरोबर म्हणते. दुसऱ्या दिवशी तो आला, डबा उघडला, भाकरीचा अर्धा तुकडा माझ्यापुढे धरला, आणि मी घेतला. खून करणाऱ्या माणसाचा चेहरा कसा करायचा, हे मला त्या सिनेमासाठी विचारलं गेलं होतं. मी नटाच्या गालावर एक व्रण दिला होता, डोळ्यांखाली सावली दिली होती. आणि हा माझ्यासमोर बसून ठेचा तिखट लागून नाक पुसत होता.

मग शूटिंग अकोल्याहून अमरावतीकडे हललं. तिरडीचा प्रसंग निशांतला गावाच्या मोकळ्या रस्त्यावर हवा होता. त्याने जागा बघितली ती भातकुलीकडची. सुखदेवने मॅनेजरला सांगितलं, मी तिकडे येत नाही, दुसरा टेम्पो पाहा. मॅनेजर म्हणाला, लग्नसराई आहे, दुसरा टेम्पो कुठून आणू? वामनरावचं गाव तिथून बरंच आत होतं. सुखदेव शेवटी आला.

प्रेतयात्रेत गर्दी लागते, म्हणून आजूबाजूच्या गावांतून माणसं बोलावली होती. सकाळी एका बसमधून पंधरा-वीस बाया उतरल्या. एका बचत गटाच्या. सगळ्या नटून आलेल्या. मी ओळीने त्यांच्या लिपस्टिका पुसायला लागलो तसा गलका झाला.

"काका, आमाले काहीच लावून नाई देत? घरून लावून आलो तर तेही पुसून टाकलं!"

"बाई, तुम्ही मयतीला चालल्या."

"मंग मयतीले का मानूस असं भुतावानी जाते? आमच्या गावात येऊन पाहा एक डाव!"

हसत-खिदळत एकेक जण बसत होती. त्यात चाळिशीची, रुंद कपाळाची एक बाई बसली. वनिता नाव सांगितलं. अंगणवाडीत काम करते म्हणाली. मी नेहमीच्या सवयीने, चेहरा सैल पडावा म्हणून, घरचं विचारलं.

"माहेर कुठलं?"

"तिकडच्या आतल्या गावाचं जी. लग्नही तिथीच झालं. आमची चक्की आहे बस स्टँडच्या मांगं. आता भाऊ चालवते. पहिले बाबा चालवत."

माझा हात थांबला. "बाबा आहेत?"

"नाई. मारलं त्याईले. मी लहान होती." तिने हे सरळ सांगितलं, जसं बरीच वर्षं सांगून झालेलं असतं. मग म्हणाली, "झालं का काका? बाकीच्या थांबल्या आहेत."

तिच्या डोळ्यांखाली मी थोडी काळजी रंगवणार होतो. राहू दिली. तिथे होतीच.

थोड्या वेळाने टेम्पोच्या मागून सुखदेवने मला हात केला. गेलो. घामाने निथळत होता.

"भाऊ, मले दाढी लावून द्या."

"कशाला?" मी विचारलं, जरी मला कळलं होतं.

"तिचं तोंड पाह्यलं का? वामनरावचं तोंड आहे जसंच्या तसं. भाऊ, तिनं मले रोज पाह्यलं आहे. मांडीवर बसून खेळली आहे."

"मग टेम्पोत बसून राहा."

"पानी कोन वाटन? त्या बायाईले बी मलेच पानी द्या लागते."

मी विचार केला, आणि फार वेळ केला नाही. माझा धंदा खोटे चेहरे करण्याचा आहे, पण ज्यांच्यासाठी करतो त्यांना ते खोटे आहेत हे ठाऊक असतं. तिकीट काढून येतात ते. ही बाई तिकीट काढून आलेली नव्हती. एवढं मला समजत होतं. पण एक दिवस बचत गटासोबत मजा करायला आलेल्या बाईने आपल्या बापाच्या मारेकऱ्याच्या हातून पाणी प्यावं, आणि ओळखावं, हेही मला नको होतं. मी पेटीतून करड्या केसांचा क्रेप काढला, स्पिरिट गम लावला आणि सुखदेवला भरघोस दाढी-मिशी चिकटवून दिली. चांगली बसली. मला काम चांगलं झाल्याचा आनंदही झाला, आणि त्या आनंदाची लाज वाटली.

पुढचं जे झालं ते कोणी लिहून आणलं असतं तर निशांतने 'फारच होतंय' म्हणून कापलं असतं.

निशांत पाणी प्यायला आला आणि सुखदेवला बघून थांबला. "काका, हा चेहरा कुठे होता इतके दिवस?" त्याने रोजचा सुखदेव ओळखलाच नव्हता. ओळखल्यावर तर आणखी खूश झाला. "तिरडीला पुढचा खांदा हाच देणार. हिरोच्या शेजारी." सुखदेव नाही नाही म्हणत राहिला. नाही म्हणण्याचं कारण सांगता येत नव्हतं. मॅनेजरने त्याला ओढतच नेलं.

सिनेमातला मारेकरी डावीकडे आणि सुखदेव उजवीकडे, अशी तिरडी उठली. वर मास्तरचं काम करणारा नट. तो चांगलाच जाड होता आणि फुलांखालून सारखा ओरडायचा, "अरे हळू, पाठ मोडली माझी!" मागून बाया रडत चालायच्या. पहिल्या वेळी एक बाई हसली. दुसऱ्या वेळी कुत्रं आडवं आलं. तिसऱ्या वेळी मयताला शिंक आली. ऊन डोक्यावर आलं होतं. प्रत्येक खेपेनंतर 'टचअप' अशी हाक यायची आणि मी गुडघे सांभाळत पळायचो. सुखदेवची दाढी घामाने सुटत होती. मी तिची कड दाबून बसवायचो. तो डोळे मिटून उभा असायचा, खांद्यावर तिरडी, आणि हळूच म्हणायचा, "पक्की बसवा, भाऊ." वनिता पहिल्याच रांगेत होती, तिरडीपासून हातभर मागे.

शेवटच्या खेपेला सगळं जमून आलं. बाया रडल्या, कुत्रं आलं नाही, मयत शांत पडून राहिलं. आणि वळणावर सुखदेवच्या दाढीची उजवी बाजू सुटून खाली लोंबकळायला लागली. वाऱ्याने फडफडली. आधी बाया हसल्या, मग कॅमेरावाले, मग वरचा मयत मान उचलून बघायला लागला आणि तोही हसला. निशांत तर खाली बसून हसत होता. पाणी पाणी झालं सगळ्यांच्या डोळ्यांत.

मी पळत गेलो आणि दाढी बसवायला हात उचलला.

"राहू द्या काका," मागून वनिता म्हणाली. "उन्हात नाई टिकत ते." एकटी तीच हसत नव्हती.

काम संपल्यावर सुखदेव माझ्या टेबलाशी बसला. मी स्पिरिटच्या बोळ्याने त्याची उरलेली दाढी सोडवत होतो. बाया बसकडे निघाल्या होत्या. वनिता तिकडे न जाता आमच्याकडे आली आणि समोर उभी राहिली. अर्धी दाढी निघाली होती, अर्धी तशीच होती. मी हात बाजूला घेतला.

"मी सकायीच ओळखलं," ती सुखदेवला म्हणाली. "तुमी टेम्पोतून उतरले तवाच. चालन्यावरून."

सुखदेव उठायला गेला.

"बसा."

तो बसला.

"घरी निघून जाव असं वाटलं. मंग म्हनलं, मी कावून जाऊ? मी काय केलं?" तिचा आवाज कापत नव्हता. हात मात्र पदराचं टोक सारखं गुंडाळत होते. "एकच गोष्ट विचारतो. बाबा शेवटी काही बोलले का?"

सुखदेवने माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं. हे माझं काम नव्हतं.

"हसले," तो म्हणाला.

"काय?"

"शेताच्या वाटेनं आमी संगंच चाललो होतो. मी हत्यार काढलं तं ते हसू लागले. त्याईले वाटलं मी मस्करी करून राहिलो. 'ठेव रे सुखदेव, लागन कोनाले,' असं म्हनले. हसतच होते."

बसवाल्याने हॉर्न दिला.

"म्हनजे भेले नाई?"

"नाई. भ्याले टाइमच भेटला नाई."

"माही आई मरेपर्यंत एकच म्हने," ती म्हणाली. "का मानूस किती भेला असन, किती हाका मारल्या असन, आन आपल्याले आयकूच नाई आल्या. राती उठून बसे. तुमाले जेलातून सुटून इतके वर्ष झाले. आई होती तवा. येऊन सांगता नसतं आलं?"

सुखदेवची अर्धी दाढी तशीच चिकटलेली होती, आणि हनुवटी हलत होती तशी ती हलत होती.

"माफ-बिफ काही करत नाई मी," वनिता म्हणाली. "पन माहा भाऊ आहे. तो तं तवा पाळन्यात होता. त्यानं आईचंच आयकलं. तोही तेच धरून बसला आहे. त्याले येऊन सांगा. चक्कीवर असते तो रोज." आणि ती बसकडे गेली. बायांनी तिला काहीतरी विचारलं, तिने मान हलवली आणि चढली.

सिनेमाचं पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकतो. थिएटरात तो फार चालला नाही, मग मोबाइलवर आला आणि लोकांनी बरा बघितला. दाढी लोंबकळणारी खेप निशांतने ठेवली. माझ्या घरच्यांनी तो प्रसंग दोनदा लावून बघितला, दोन्ही वेळा खूप हसले. मागच्या गर्दीत न हसणारी एक बाई क्षणभर दिसते. ती कोण हे मी घरी सांगितलं नाही. निशांतलाही नाही.

सिनेमावाले गेल्यानंतर काही दिवसांनी सुखदेव अमरावतीला माझ्या दारात उभा राहिला. "भाऊ, चालता का संगं?" म्हणाला. कुठे ते विचारावं लागलं नाही. बायकोने आतून नको म्हणून खूण केली. मी चप्पल घातली.

टेम्पो वलगावच्या दिशेने निघाला. आता वलगाव हे भातकुलीच्या वाटेवर नाही. तो भलत्याच रस्त्याने निघाला होता, आणि माझ्या लक्षात येऊनही मी गप्प बसलो. वलगावात त्याने टेम्पो थांबवला, स्टिअरिंगवर हात ठेवून बसला, मग वळवला आणि आलो तसे मागे फिरून भातकुलीचा रस्ता धरला.

वामनरावच्या गावात चक्की बस स्टँडच्या मागेच होती, वनिताने सांगितली तिथे. भर दुपार. आत पीठ उडत होतं आणि पट्ट्याचा एवढा आवाज की बाजूच्या माणसाचं बोलणं ऐकू येऊ नये. चार-पाच बाया डबे घेऊन बाकावर बसल्या होत्या. भाऊ तिशीच्या पुढचा, केस, भुवया, सगळं पिठाने पांढरं झालेला. वनिताने त्याला सांगून ठेवलं असावं, कारण सुखदेव दारात आला तसा त्याने त्याच्या पायांकडे बघितलं, चालण्याकडे, आणि मग तोंडाकडे. चक्की बंद केली नाही. ज्वारी ओतत राहिला.

सुखदेव जवळ गेला आणि काही बोलला. मला दारातून फक्त ओठ हललेले दिसले.

"आयकू नाई आलं!" भाऊ ओरडला.

सुखदेव पुन्हा बोलला.

"मोठ्यानं बोला!"

मग सुखदेवने दोन्ही हात बाजूला सोडले आणि ओरडून सांगितलं. मी वामनरावले मारलं. ते हसत होते. त्याईले वाटलं मी मस्करी करून राहिलो. ते भेले नाई. त्याईनं हाका नाई मारल्या. चक्कीच्या आवाजावर आवाज चढवून, घसा फुटेस्तोवर, एकेक वाक्य. बाकावरच्या बाया उठून उभ्या राहिल्या. एकीने तोंडाला पदर लावला. गावात ज्यांना माहीत नव्हतं त्यांनाही त्या दुपारी माहीत झालं.

भावाने दळण पूर्ण होऊ दिलं. मग खटका ओढला. पट्टा सपसप करत मंदावला आणि थांबला. एवढी शांतता झाली की रस्त्यावरची सायकल ऐकू आली.

"खरं सांगतलं?" त्याने विचारलं.

"आईची आन."

"माह्या आईची घ्या."

सुखदेवने मान खाली घातली. "तुमच्या आईची आन," तो म्हणाला.

भाऊ त्याच्याकडे बघत राहिला. मला वाटलं, आता मारतो. मला वाटलं, मारायलाच हवं. त्याने डब्याचं झाकण लावलं, डबा बाकावर ठेवला आणि पुढच्या बाईला म्हणाला, "तुमचं काय आहे मावशी? गहू का?" आणि खटका दाबला.

आम्हाला पाणी कोणी विचारलं नाही. विचारू नये हेच बरोबर होतं.

टेम्पोत येऊन बसलो. सुखदेवने चावी लावली पण फिरवली नाही. त्याच्या केसांवर, भुवयांवर, पापण्यांवर पीठ बसलं होतं आणि घामाने त्याची लापशी होऊन गालांवर उतरत होती. चाळीस वर्षांची सवय. मी खिशातून रुमाल काढला आणि त्याचं तोंड पुसायला हात पुढे केला.

त्याने मान बाजूला घेतली.

"राहू द्या, भाऊ," तो म्हणाला, आणि टेम्पो चालू केला.